पाठीवरचे बिऱ्हाड आणि कोकणचा पाऊस



कुसगावाहून कार्ल्याची लेणी फार दूर नाहीत. तेथील चैत्यगृहात जे अनेक लेख कोरलेले आहेत त्यांतील एक नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी त्याने करजिक नावाचे गाव दान केले, आणि ते कशासाठी, तर वलूरक येथील लेण्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी. मग ते भिक्षू कोणत्याही दिशेहून आलेले असोत. वर्षभर पायी हिंडणाऱ्या माणसांनी पावसाळ्यापुरते एका जागी बसावे आणि त्यांच्या बसण्याची तरतूद एका गावाच्या उत्पन्नातून व्हावी, अशी ही व्यवस्था होती. पुढे १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी घोडा विकावयास घेऊन चौलच्या बंदरात उतरला आणि घाट चढून जुन्नरास आला. त्यासही पावसाने तेथेच अडकवून ठेविले, व सर्वत्र पाणी आणि चिखल कसा झाला होता हे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नमूद केले. आपल्याकडे चातुर्मास म्हणजे मुक्कामाचा काळ. आषाढीची वारी हा त्यास अपवाद खरा. परंतु वारीचा रस्ता घाटमाथा सोडून पूर्वेकडे, कमी पावसाच्या मुलखाकडे जातो. पावसाळ्यात घाट उतरून समुद्राकडे जाण्याची चाल आपल्या पूर्वजांत नव्हती.

ती आता पडू पाहत आहे. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याने इन्व्हर्नेसहून निघून परत इन्व्हर्नेसला येणारा सुमारे ८३० किलोमीटरांचा एक मार्ग २०१५ साली प्रसिद्धीस आला. नॉर्वेच्या किनाऱ्याने तर फार पूर्वीपासून लोक उन्हाळ्यात आपले बिऱ्हाड मोटारीत घालून हिंडत असतात. निजण्याची जागा, चूल, पाण्याची टाकी, शौचकूप हे सर्व ज्या मोटारीत असते तिला आपल्याकडे कॅरॅव्हान म्हणतात. घरगाडी म्हटले तरी चालेल. परदेशी गेलेली मुले अशा गाडीत बसून धुक्यातील समुद्राची चित्रे घरी पाठवितात, आणि ती पाहून येथील वडीलधाऱ्यांच्याही मनात येते की, आपल्या उशाशीही असा समुद्र आणि असा पाऊस आहेच की! महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून भाड्याने मिळणाऱ्या घरगाड्यांकडे सुशिक्षित कुटुंबांचे लक्ष अधिक वळले आहे.

तुलना मात्र जपून करावयास हवी. नॉर्वेतील बर्गन हे पावसाविषयी प्रसिद्ध असलेले शहर. तेथे वर्षास सव्वादोन ते अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, परंतु तो बारा महिन्यांत वाटून पडतो. लोणावळे-कुसगावच्या माथ्यावर चार हजारांहून अधिक मिलिमीटर पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत उरकतो. तेथील पाऊस अंगावर येतो. येथील पाऊस डोंगर घेऊन अंगावर येतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता अशा एका प्रवासाची हकीकत पाहू. त्यातील दांपत्य कल्पनेतील आहे, म्हणून नावे देण्याचे प्रयोजन नाही. परंतु मावळ आणि कोकण मिळून अशी घरे शोधू जाता पुष्कळ सापडतील. गृहस्थ कुसगावचे, रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले. बाईंचे माहेर श्रीवर्धनचे. लग्नास चाळीसांहून अधिक वर्षे झालेली. लग्नानंतर बाई माहेरी जात त्या वैशाखात, आंब्या-फणसाच्या दिवसांत, आणि मृग लागण्यापूर्वी घाट चढून परत येत, कारण सासरी भाताची पेरणी असे. त्यामुळे ज्या पावसात त्यांचे बालपण गेले तो समुद्राचा पाऊस त्यांनी चाळीस वर्षांत एकदाही पाहिला नव्हता.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर येऊन आदळले. ताशी शंभराहून अधिक किलोमीटर वेगाच्या त्या वाऱ्याने आगरेच्या आगरे झोपविली. नारळ मुळांसकट उपटले गेले आणि सुपारीची झाडे मधोमध मोडली. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. परंतु नवे रोप लावावे तर फळ धरावयास पाचसात वर्षे जातात, आणि तेवढी वाट पाहण्याची ऐपत प्रत्येक घराची नसते. बाईंच्या माहेरच्या घराचे छप्पर त्या दिवशी गेले. त्या पावसात मातीच्या भिंती भिजून बसल्या आणि जांभ्या दगडाचे जोते तेवढे राहिले. भाऊ मुंबईस. घर पुन्हा उभारण्यावर त्यांचे एकमत होईना, तेव्हा आगर विकून टाकावे असे ठरले. वडिलांच्या पश्चात १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याप्रमाणे सातबाऱ्यावर बहिणीचेही नाव वारस म्हणून लागलेले होते. म्हणून भावांनी रीतीप्रमाणे हक्कसोडपत्राचा मसुदा कुसगावास पाठवून दिला. महाराष्ट्रात असे मसुदे दरवर्षी किती बहिणींकडे जात असतील आणि त्यांवर न वाचता किती सह्या होत असतील, हा एका स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. या बाईंनी सही नाकारली नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “एकदा पावसात आगर पाहून येते, मग सही करते.”

पण उतरावयाचे कोठे? माहेरी छप्पर उरले नव्हते, आणि शेजाऱ्यांच्या पडवीत आठ दिवस काढणे प्रशस्त नव्हते. घरगाडीची कल्पना निघाली ती अशी, म्हणजे अडचणीतून. गृहस्थांनी मात्र ती मोठ्या उत्साहाने उचलली. त्यांनी नकाशा पसरून आठ दिवसांचा बेत आखला: श्रीवर्धनास दोन दिवस, मग हरिहरेश्वर, मग बागमांडल्याहून तरीने बाणकोटची खाडी ओलांडून वेश्वी, तेथून वेळास, केळशी, आंजर्ले, दापोली, आणि वरंध घाटाने वर. पावसाळ्यात तो घाट वाहतुकीस बंद ठेवण्याचा प्रसंग वारंवार येतो, ही गोष्ट त्या नकाशावर छापलेली नव्हती.

बाईंनी आगोटीची तयारी केली. पावसाळ्यापूर्वी कोकणातील गृहिणी चार महिन्यांची बेगमी करते, तिला आगोट म्हणतात. येथे आगोट भरावयाची ती दीड हात रुंदीच्या फडताळात. मेतकूट, कुळिथाचे पीठ, आमसुले, पोह्यांचे पापड, तांदूळ, शेंगदाणे, साबुदाणा, दोन काडेपेट्या डब्यात बंद करून. प्रत्येक डब्याच्या झाकणाखाली त्यांनी कापडाची घडी बसविली, कारण सादळलेला पापड आणि सादळलेली काडी यांचा काही उपयोग नसतो हे त्यांना पुस्तकात वाचावे लागले नव्हते. हक्कसोडपत्राचा मसुदाही एका डब्यात गेला.

आषाढ शुद्ध अष्टमीस पहाटे गाडी निघाली. कुसगावाहून कोकणात उतरावयाचे म्हणजे बोरघाट. १८३० साली या घाटातून चाकाच्या गाड्यांचा रस्ता खुला झाला. १८६३ साली आगगाडी आली. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्णत्वास गेला. पुढे खोपोली ते कुसगाव असा बोगद्यांचा आणि पुलाचा नवा मार्ग आखला गेला, त्यातील मोठा बोगदा लोणावळ्याच्या तलावाखालून काढलेला आहे. या वाटेने माणसेच उतरतात असे नाही. कुसगावच्या परिसरात पडणारे पाणी स्वभावतः इंद्रायणीने पूर्वेस जावयाचे, भीमेतून कृष्णेस मिळून बंगालच्या उपसागरास पोचावयाचे. परंतु टाटांनी लोणावळे, वळवण आणि शिरवटे येथे धरणे बांधून ते अडविले आणि नळांतून घाटाखाली सोडले. १९१५ साली खोपोलीस त्यावर वीज निघू लागली. त्यामुळे माथ्यावरचा एक मोठा पाऊस आजही उलट दिशेने, पश्चिमेच्या समुद्राकडे जातो. याच उद्योगाच्या पुढच्या धरणासाठी मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि १९२१ पासून सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, हेही विसरता येत नाही.

घरगाडी उतारावर हाकणे निराळे असते. पाण्याने भरलेली टाकी आणि संसाराचे ओझे मागून लोटत असते. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम गृहस्थांनी पाळला, म्हणून ब्रेक तापले नाहीत. खोपोलीस पोचेतो दोघेही बोलले नाहीत. धुक्यात बोलणे सुचत नाही हे एक कारण. आणि दुसरे असे की, छपराच्या पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की बोललेले ऐकू गेले नसते.

घाटाच्या पायथ्याचा प्रदेश हा गेल्या काही वर्षांत शोकाचा प्रदेश झाला आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे सापडलीच नाहीत. त्याआधी २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर कडा कोसळला, तेथे ८० हून अधिक माणसे गेली. आणि २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा पूल पुरात वाहून गेला. अंधारात पुढे पूल नाही हे न कळल्याने दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. या तीनही घटना रात्रीच्या आहेत असे नाही, तळिये येथील आपत्ती दिवसाउजेडी घडली. तरीही पावसाळी प्रवाशाने त्यांतून दोन गोष्टी घ्याव्यात: अंधार पडल्यावर गाडी हाकू नये, आणि डोंगराच्या उतरणीखाली बिऱ्हाड उतरवू नये. निसर्गशोभेची उत्तम जागा आणि दरडीची जागा बहुधा एकच असते. धबधब्याच्या पायथ्याशी मोकळे, सपाट मैदान दिसते. ते मैदान कोणी केले याचा विचार करावा. मागच्या कोणत्या तरी पावसाळ्यात ओढ्यानेच ते केलेले असते.

खोपोलीहून पाली, पालीहून वाकण, तेथून महामार्गाने कोलाड, माणगाव, आणि मग म्हसळ्यावरून श्रीवर्धन. अंतर दीडशे किलोमीटरांच्या आतले. उन्हाळ्यात चार तासांचा रस्ता. त्या दिवशी नऊ तास लागले. पालीच्या अंबेला पूर आला की पूल पाण्याखाली जाऊन दोन्ही तीरांवर गाड्यांच्या रांगा लागण्याचे दिवस लोकांच्या चांगले स्मरणात आहेत. त्या दिवशी अंबा तपकिरी रंगाची, पण काठाखालीच होती. बाईंनी खिडकीतून बल्लाळेश्वरास हात जोडले.

या रस्त्यावर त्यांना एकही धनगराचा वाडा भेटला नाही, आणि भेटणारही नव्हता. दिवाळीनंतर मेंढरे, घोडी, कोंबड्या, तान्ही मुले असे सारे बिऱ्हाड घेऊन पुण्याकडचे धनगर घाट उतरून कोकणात येतात. मोकळ्या शेतांत मेंढरे बसवितात आणि वळवाची चाहूल लागताच पुन्हा देशावर चढून जातात. पाठीवरचे बिऱ्हाड ही विद्या महाराष्ट्रात कोणास येत असेल तर ती त्यांस. तळ कोठे टाकावयाचा, घोड्यावर काय आधी लादावयाचे, कोणत्या दिवशी हलावयाचे हे त्यांच्या बायकांना जितके कळते तितके कोणत्याही शासकीय धोरणात लिहिलेले नाही. आणि त्या विद्येचा पहिला धडा हा की पावसाळ्यात कोकणात राहू नये! मेंढरांचे खूर ओलीत सडतात. चाकांचेही थोडेफार तसेच आहे.

श्रीवर्धनास पोचल्यावर याचा प्रत्यय आला. गृहस्थांच्या मनात गाडी थेट पुळणीवर, समुद्राच्या तोंडाशी उभी करावयाची होती. परदेशच्या चित्रांत तशी असते. बाईंनी पंचांग उघडले. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची एक सोपी रीत आहे: तिथीच्या आकड्यास पाऊणाने गुणावे, येईल तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा. सकाळी एक आणि संध्याकाळी किंवा रात्री एक, थोड्या मिनिटांच्या फरकाने. अष्टमीची भरती भांगाची, म्हणजे लहान. पौर्णिमा-अमावास्येची उधाणाची, म्हणजे मोठी. आणि पावसाळ्यात उधाणास वाऱ्याचा जोर मिळाला की समुद्र आपली नेहमीची रेघ सोडतो. “आज संध्याकाळी सहाला भरती,” बाई म्हणाल्या, “आणि रोज पाऊण तास पुढे. सात दिवसांनी येथे उधाण येईल. अहो, ओल्या पुळणीत गाडीचे चाक एकदा रुतले की बैलही काढत नाही. आगरात चला.”

आगरात जाणेही सोपे नव्हते. कोकणातील पाखाड्या माणसांच्या आणि फार तर बैलगाडीच्या बेताने केलेल्या. दोन्हीकडे जांभ्याचे गडगे, वर ओणवलेल्या झावळ्या. घरगाडीचे धोरण आखताना रस्त्याच्या रुंदीचा विचार कोणी केला असेल तर ते या बाजूस आले नसावेत. एका वळणावर आरसा गडग्यास घासला आणि काच गेली. शेवटी शेजारच्या आगरातील दोन मुले पुढे धावत, हातांनी खुणा करीत गाडी आत घेऊन आली. गाडी उभी राहिली ती पडक्या घराच्या जोत्याशेजारी, जांभ्याने फरसबंद केलेल्या खळ्यावर. तेवढी एकच जागा अशी होती की जेथे चाक खचणार नव्हते आणि डोक्यावर नारळ नव्हता. होता, तो वादळाने नेला होता.

दोन माणसांचा सहा पावलांतील संसार ही मोठी मौजेची आणि कसोटीची गोष्ट आहे. एकाने उभे राहावयाचे तर दुसऱ्याने बसावयाचे. चहा टाकला की वाफेने खिडक्या आंधळ्या होत. खिडकी उघडावी तर पाऊस आत येई. न उघडावी तर चुलीची हवा कोंडे, आणि बंद गाडीत गॅस पेटवून ठेवणे धोक्याचे, म्हणून वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचे एक तावदान सदैव दोन बोटे किलकिले ठेवावे लागे. धुतलेले धोतर तिसऱ्या दिवशीही दमट राही. टपावरचे सौर तक्ते आषाढातील आभाळाखाली निरुपयोगी ठरले. शेजाऱ्यांकडून तार ओढून वीज घेतली तेव्हा रात्रीचा दिवा लागला. सांडपाण्याचा प्रश्न गृहस्थांनी आधी विचारात घेतला नव्हता. मोरीचे पाणी टाकीत साठते आणि टाकी भरते. ती विहिरीच्या बाजूस मोकळी करता येत नाही. बाईंनी सुपारीच्या नव्या रोपांपासून दूर, उताराच्या अंगास एक चर खणून घेतला. शौचकूपाचे औषधमिश्रित पाणी मात्र त्यातही सोडू दिले नाही. ते झाकणबंद टाकीत भरून गावच्या सार्वजनिक शौचालयात नेऊन ओतण्याचे काम गृहस्थांच्या वाट्यास आले. परदेशच्या चित्रांत हे दिसत नाही.

एकादशीस दोघांचाही उपवास. गाडीत साबुदाण्याची खिचडी झाली. त्या दिवशी पाऊस थांबून ऊन पडले होते, आणि गृहस्थ पुढच्या प्रवासाची भाषा बोलू लागले. भाड्याची गाडी, दर दिवसाचे भाडे चढत होते. बेताप्रमाणे हरिहरेश्वर करून एव्हाना तर ओलांडलेली असावयास हवी होती. द्वादशीस ते एकटेच एस. टी.ने बागमांडल्यास जाऊन आले. तर चालू होती. परंतु तरीवरच्या माणसाने आभाळाकडे पाहून सांगितले की आज आहे, उद्याचे सांगवत नाही. हरिहरेश्वरची सागर-प्रदक्षिणा ओहोटीवाचून करता येत नाही, आणि पावसाळ्यात तर त्या खडकांवर जाऊच नये असे देवळाशी लोकांनी बजावले. ते परतले तेव्हा हवामान खात्याचा इशारा आला होता: पुढील तीन दिवस अतिवृष्टी.

त्या रात्री गाडीत वाद झाला. गृहस्थांचे म्हणणे, पहाटे निघून इशाऱ्यापूर्वी खाडी ओलांडावी. तर बंद मिळाली तर महाडकडून वळसा घालून मंडणगडास जावे. महाडचे नाव निघताच बाईंनी हातातले भांडे खाली ठेविले.

“त्या पुलाची बातमी तुम्हीच मला वाचून दाखविली होती.”

“तो जुना पूल होता. नवा झाला आहे, २०१७ सालीच.”

“पूल नवा झाला, पाऊस जुनाच आहे. चाके आहेत म्हणून चालत राहिलेच पाहिजे असे कोणी सांगितले?”

“मग गाडी घेतली कशाला? नुसते बसावयाचे होते तर—”

“बसावयासाठीच घेतली,” बाई म्हणाल्या.

याचे उत्तर गृहस्थांजवळ नव्हते. त्यांनी पांघरूण ओढून घेतले. दोन पावलांवर बाई जाग्या होत्या, आणि रुसून बसावयास दुसरी खोली नव्हती.

त्रयोदशीपासून जो पाऊस लागला तो पौर्णिमेपर्यंत. तर बंद झाली. म्हसळ्याच्या रस्त्यावर झाड पडल्याची बातमी आली. पौर्णिमेस दुपारी भरतीच्या सुमारास समुद्राचा आवाज आगरापर्यंत ऐकू येत होता. बाई छत्री घेऊन जोत्यावर उभ्या राहिल्या आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. गृहस्थ दारातून पाहत होते. मग तेही छत्री न घेताच खाली उतरले. माजघर येथे, बाई दाखवू लागल्या, देवघर येथे, ओटीवर आजोबांचा झोपाळा, आणि या कोपऱ्यात पन्हळ गळे म्हणून त्याखाली हंडा ठेवीत. पन्हळ नव्हती, हंडा नव्हता, परंतु पाणी अजूनही त्याच कोपऱ्यात साचत होते. जोत्याच्या दगडास तेथे चाळीस-पन्नास पावसाळ्यांचा खळगा पडला होता.

पुढचे दिवस आगर मोजण्यात गेले. भावांच्या मसुद्यात आगर म्हणजे गुंठ्यांचा एक आकडा होता. पावसात फिरताना कळले की खालच्या अंगास गुडघाभर पाणी राहते, तेथे पडलेल्या झाडांच्या जागी काही लावलेले नाही आणि लावून जगणारही नाही. वरच्या अंगास, विहीर आणि जोते यांच्या भोवती, शेजाऱ्यांनी वादळानंतरच्या साली आपण होऊन सुपारीची रोपे लावली होती, आपल्या आगराबरोबर यांच्याही. कोणी सांगितले नव्हते. “जागा उघडी दिसे,” एवढेच शेजारीणबाई म्हणाल्या. त्यांतील तीन झाडांस पहिला पोय फुटला होता. वैशाखात येऊन, कोरड्या जमिनीवर उभे राहून, पाणी कोठे राहते हे कोणास समजले नसते. मुंबईत बसून तर नाहीच. विकत घेणाऱ्यास ते सांगावे की नाही याविषयी गृहस्थ आणि बाई यांच्यात पुन्हा थोडी बोलाचाली झाली. सांगावे असे बाईंचे मत पडले, आणि यावेळी गृहस्थांनी लगेच मान्य केले.

मसुद्याचा डबा उघडला तेव्हा कापडाची घडी असूनही कागद सादळला होता. शाई पसरेल म्हणून त्यावर लिहिणे शक्य नव्हते. गृहस्थांनी आपल्या वहीतील कोरी पाने काढून दिली. बाईंनी थोरल्या भावास पत्र लिहिले. खालचे आगर विकण्यास आपली संमती आहे आणि त्या पैशांत आपल्याला वाटा नको. परंतु विहीर, जोते आणि वरची सुपारी मिळून जे पाच गुंठे होतात ते विकू नयेत. त्यावरचा हक्क आपण सोडणार नाही. भाऊबीजेस सर्वांनी येथे यावे आणि मोजणी करून घ्यावी. पत्र दोनदा वाचून झाल्यावर त्यांनी ते गृहस्थांकडे दिले. गृहस्थांनी एक दुरुस्ती सुचविली: पाच गुंठ्यांस गाडी येण्याइतकी वाट ठेवावी. तेवढी ओळ समासात घातली गेली.

वद्य तृतीयेस आभाळ उघडले. बागमांडल्याची तर सुरू झाल्याचे सकाळीच कळले. गृहस्थांनी ते ऐकले आणि गाडीखाली वाकून चाके पाहू लागले. मागच्या उजव्या चाकाखाली जांभ्याची एक फरशी थोडी दबली होती. शेजारच्या मुलांनी पहार लावून ती उचलली आणि चाक मोकळे केले. सव्वादोनला भरती होती, तेव्हा खाजणाच्या कडेचा रस्ता कोरडा असतानाच, नवाच्या आत, गाडी म्हसळ्याच्या रस्त्यास लागली. वाटेत माणगावास थांबून फुटलेल्या आरशाची काच बसविण्यात तास गेला. पाली ओलांडेतो पुन्हा सरी सुरू झाल्या होत्या, आणि घाट चढताना पुढचे काही दिसेना म्हणून त्यांनी खोपोलीसच मुक्काम केला.